गळाची काठी

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांना 'ळ' हे अक्षर नीट म्हणता येते? हसू नका. आपल्या उर्दूत हा उच्चार नाही. म्हणून आपण 'शाळा' म्हणायला जातो आणि तोंडातून 'शाला' निघते. 'बाळ' म्हणायला जातो आणि 'बाल' होते. लहानपणी माझेही असेच होई. आज मी नाशिकच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. बी.एड. करताना उच्चार कसे शिकवावेत यावर मी पुस्तके वाचली, टिपणे काढली. परंतु 'ळ' मला कोणत्याही पुस्तकाने शिकवला नाही. तो मला माझ्या एका मित्राने शिकवला. हा मित्र बुरुडाचा मुलगा होता.

त्याच मित्राने काही दिवसांपूर्वी मला एक भेट आणून दिली. ती भेट म्हणजे मासे पकडण्याची एक जुनी काठी. या काठीची गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितली नव्हती. तुम्हांला सांगतो.

आमचे घर जुन्या नाशकात होते. गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या घरात फोडणी पडली, तर ठसका आम्हांला लागे. आमच्या समोरच हे बुरुडाचे घर होते. बुरूड म्हणजे बांबूच्या वस्तू बनवणारा कारागीर. मित्राचे वडील सकाळपासून ओट्यावर बसून सुपे, टोपल्या, दुरड्या आणि परड्या विणत. आम्ही सगळी मुले त्यांना 'बाबा' म्हणत असू. बाबा कोयत्याने बांबू उभा चिरत. मग सुरीने त्याच्या कामट्या काढत. कामटी म्हणजे बांबूची लांब, पातळ पट्टी. त्यांच्या हातात कामटी अशी वाके, की वाटे, ती लाकडाची नसून दोरीची आहे.

मी शाळेतून आलो, की दप्तर टाकून त्या ओट्यावर जाऊन बसे. मित्र मराठी शाळेत जाई, मी उर्दू शाळेत. संध्याकाळ मात्र आमची एकत्र जाई. तो मला शब्द शिकवी.

"म्हण, वेळू."

"वेलू."

"वेलू नव्हे रे, वेळू! जीभ मागं वळव, टाळूला लाव आणि सोड. आता म्हण, गळ."

"गल."

तो पोट धरून हसे. मी चिडे. मग मी त्याला 'ख़े' आणि 'ग़ैन' म्हणायला सांगे आणि त्याची फजिती झाली, की मीही हसे. पण दोघांच्या भाषेत मिळतेजुळते शब्दही पुष्कळ निघत. आपण 'कारीगर' म्हणतो, बाबा 'कारागीर' म्हणत. आपण 'मरम्मत' म्हणतो, ते 'मरामत' म्हणत. आपला 'सरेस' तो त्यांचा 'सरस'. दुकान, बाजार, नजर, जमीन हे शब्द तर दोन्हीकडे सारखेच. तेव्हा मला वाटे, मराठी ही काही परकी भाषा नाही. ती समोरच्या ओट्यावरची भाषा आहे.

आता आमच्या घरात चला. बैठकीच्या खोलीत दाराच्या वर दोन लाकडी खुंट्या होत्या. त्यांवर हिरव्या कापडाची एक लांब पिशवी आडवी ठेवलेली असे. तिला हात लावायची कोणालाही परवानगी नव्हती. ती माझ्या दादांची गळाची काठी होती. दादा म्हणजे माझ्या अब्बांचे वडील.

नाशिकजवळच्या देवळालीचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तेथे लष्करी छावणी वसवली. हिंदुस्थानातील नोकरी संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या जहाजाची वाट पाहत तेथे राहत. रिकामे बसून काहीजण भ्रमिष्टासारखे वागू लागत. त्यावरून इंग्रजी बोलण्यात 'डूलाली' असा एक शब्दच तयार झाला. डूलाली म्हणजे डोके फिरलेला! आपल्या जिल्ह्यातल्या एका गावाचे नाव असे सातासमुद्रापार पोहोचले आहे.

माझे दादा तेराव्या वर्षी देवळालीत एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या बंगल्यावर कामाला लागले. बागेला पाणी घालणे, बूट पुसणे, निरोप पोहोचवणे अशी कामे ते करत. रविवारी साहेब दारणा नदीवर मासे पकडायला जाई. तेव्हा त्याची पिशवी घेऊन दादा बरोबर जात. साहेबाने त्यांना ती काठी धरायला शिकवले. १९४७ साली साहेब मायदेशी निघाला. सामान बांधताना त्याने ही काठी सोळा वर्षांच्या दादांच्या हातात ठेवली. पुढे दादा सुतारकाम शिकले, नाशकात आले, त्यांचा संसार झाला. काठी मात्र त्यांनी जिवापाड जपली.

तुम्ही म्हणाल, बांबूची काठी ती, तिचे एवढे काय कौतुक? मलाही तसेच वाटे. एकदा दादांनी मला ती पिशवीतून काढून दाखवली, तेव्हा मी थक्क झालो. काठीचे तीन तुकडे होते. ते पितळी नळ्यांनी एकमेकांत बसत. दादांनी सुटा तुकडा माझ्यासमोर धरला आणि त्याचे टोक पाहायला सांगितले. मी पाहिले. ते गोल नव्हते, षट्कोनी होते! बांबू तर गोल आणि बहुधा आतून पोकळ असतो. मग हा षट्कोन कोठून आला?

त्याचे उत्तर भूमितीत आहे. तुम्ही समभुज त्रिकोण शिकला आहात. त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो. असे सहा त्रिकोण टोकाला टोक लावून मांडले, की ३६० अंश पुरे होतात आणि मधे फट न राहता नियमित षट्कोन तयार होतो. वहीवर काढून पाहा. ही काठी बनवणारे कारागीर बांबू चिरून त्याच्या सहा कामट्या घेतात. प्रत्येक कामटी रंध्याने तासून त्रिकोणी करतात. मग सहाही कामट्या सरसाने चिकटवतात. बांबूचे सर्वांत बळकट तंतू सालीलगत असतात. म्हणून साल बाहेरच्या बाजूला ठेवतात आणि आतला मऊ भाग तासून टाकतात. अशी काठी हलकी असते, वाकते, पण सहज मोडत नाही. सोडली, की पुन्हा सरळ होते.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत अशा काठ्या आपल्याच देशातल्या बांबूपासून बनत. तो कलकत्ता बंदरातून जाई, म्हणून तिकडे त्याला 'कलकत्ता बांबू' म्हणत. पुढे विसाव्या शतकात चीनमधल्या एका जातीच्या बांबूने त्याची जागा घेतली. १९५० च्या अखेरीस अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि तो बांबूही मिळेनासा झाला. त्याच सुमारास काचतंतूंच्या काठ्या बाजारात आल्या. त्या स्वस्त होत्या आणि कारखान्यात भराभर बनत. तेव्हापासून बांबूची काठी दुर्मीळ झाली.

या काठीने मासे पकडण्याची रीतही निराळी आहे. आपण नदीकाठी पाहतो ती माणसे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. दोरीला शिशाचे वजन बांधतात आणि गळ पाण्यात टाकून बसतात. दादा मात्र गळावर खोटी माशी बांधत. कोंबड्याच्या मानेची बारीक पिसे आणि रेशमी धागा घेऊन ते अशी माशी बनवत, की आम्ही ती हाताने हाकलायला जावे! या माशीला वजन नसते. मग ती लांब जाणार कशी? तिला दोरी घेऊन जाते. दोरी जाड आणि जड असते. काठी मागे नेली, की दोरी हवेत मागे पसरते. ती पुरती पसरेपर्यंत क्षणभर थांबायचे. मग काठी पुढे आणायची. धनुष्यातून बाण सुटावा तशी दोरी सुटते आणि माशी पाण्यावर अलगद उतरते.

"ज़ोर से नहीं बेटा, सब्र से," दादा मला सांगत. सब्र म्हणजे धीर. मी घाई केली, की दोरीचा गुंता होई.

दादांच्या तरुणपणी दारणेत आणि गोदावरीत खडशी मासा मिळे. याला इंग्रजीत महसीर म्हणतात. हा मोठा, देखणा, सोनेरी खवल्यांचा मासा असतो. वाहते, स्वच्छ पाणी आणि खडकाळ तळ त्याला आवडतो. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतील खडशीचे वर्णन केले आणि शास्त्रीय नावातही 'खुद्री' हा आपला देशी शब्द ठेवला. पुढे नद्यांवर धरणे झाली, पाणी घाण झाले आणि खडशी कमी होत गेली. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून या माशांची पिल्ले वाढवून ती तलावांत आणि नद्यांत सोडली. दादांनाही ही गोष्ट ठाऊक होती. म्हणून म्हातारपणी ते पकडलेला मोठा मासा हात ओला करून हळूच पाण्यात सोडत.

आता मला मूळ गोष्टीकडे आले पाहिजे. मी मुद्दाम इकडचे तिकडचे सांगत बसलो, हे तुमच्या लक्षात आले असेल. जी गोष्ट सांगायला जड जाते, तिच्याभोवती माणूस असाच फिरत राहतो.

१९९८ सालची दिवाळीची सुट्टी होती. मी अकरा वर्षांचा होतो. एके दिवशी माझा बुरूड मित्र घरी आला. बांबूचे काम त्याच्या रक्तातच होते. त्याने दादांना विनवणी केली, "दादा, ती काठी एकदा बघू द्या ना." दादांनी हसून काठी काढली आणि त्याच्या हातात दिली. तो कितीतरी वेळ ती बोटांनी चाचपून पाहत होता. "सहा कामट्या! आणि सांधा दिसत नाही!" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. दादांना त्याचे कौतुक वाटले. ते मला म्हणाले, "बघ, याला समजलं." मला ते शब्द लागले. काठी माझ्या घरची आणि कौतुक त्याचे!

दुसऱ्या दिवशी दादा दुपारची नमाज पढायला गेले. अम्मी शेजारी गेल्या होत्या. मी स्टूल लावून पिशवी खाली काढली आणि शाळेतल्या दोन मुलांबरोबर सायकलवर सोमेश्वरला गेलो. तेथे गोदावरी खडकांवरून धबधब्याने पडते. धबधब्याच्या वरच्या अंगाला मी काठी जोडली. मला त्या मुलांपुढे ऐट दाखवायची होती. मी जोराने काठी मागे नेली आणि जोराने पुढे आणली. गळ खडकाच्या कपारीत अडकला. दादांचे 'सब्र से' मला आठवले नाही. मी हिसका दिला. 'कट्' असा आवाज झाला. शेंड्याचा वीतभर तुकडा मोडून लोंबू लागला.

ती मुले पळून गेली. मी काठी पिशवीत भरली, घरी आलो आणि पिशवी खुंट्यांवर जशीच्या तशी ठेवली. कोणी पाहिले नाही.

तीन-चार दिवसांनी दादांनी काठी पुसायला काढली. मी अभ्यासाचे नाटक करत होतो. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला विचारले, "बेटा, त्या दिवसानंतर काठीला कोणी हात लावला होता?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

तेवढ्यात चाचा म्हणाले, "हात लावायला दुसरं कोण आहे? तो समोरचा मुलगाच वाकवून बघत होता. त्यानंच मोडली असेल. होय ना रे?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मित्रांनो, मी तोंडाने काहीही बोललो नाही. मी फक्त मान हलवली. 'होय' अशी.

दुसऱ्या दिवशी मित्र मला खेळायला बोलवायला आला. दारात चाचा होते. "दुसऱ्याची वस्तू मोडायची आणि वर खेळायला यायचं?" ते त्याच्यावर ओरडले. मी दाराच्या मागे उभा होतो. मित्राने फटीतून मला पाहिले. आमची नजरानजर झाली. मी खाली पाहिले. तो काही न बोलता निघून गेला.

तो पुन्हा आला नाही. मीही त्याच्या ओट्यावर गेलो नाही. खुंट्यांवरची पिशवी त्याच आठवड्यात नाहीशी झाली. दादांनी ती कोठे ठेवली, हे विचारायचे मला धैर्य झाले नाही. २००१ साली बाबांचे कुटुंब गोदावरीपलीकडे पंचवटीत राहायला गेले. पूल ओलांडला, की पंचवटी. तो पूल मी शेकडो वेळा ओलांडला, पण त्यांच्या घराकडे कधी वळलो नाही.

२००६ साली दादा आजारी पडले. मी रात्री त्यांच्या उशाशी बसत असे. एका रात्री त्यांनी रिकाम्या खुंट्यांकडे पाहिले आणि मला विचारले, "बेटा, काही सांगायचं राहिलंय का?" माझ्या घशात शब्द आले होते. पण मी म्हणालो, "नाही दादा." त्यानंतर आठच दिवसांत ते अल्लाला प्यारे झाले.

पुढे माझे शिक्षण झाले, नोकरी लागली, लग्न झाले. मी वर्गात मुलांना 'खरे बोलावे' हा सुविचार फळ्यावर लिहायला सांगे आणि स्वतः खिडकीबाहेर पाही.

२०२३ सालच्या डिसेंबरची गोष्ट. मधली सुट्टी झाली होती. शिपाईमामा म्हणाले, "सर, तुम्हांला भेटायला कोणीतरी आलंय." मी फाटकाजवळ गेलो. तेथे एक गृहस्थ उभे होते. केस थोडे पांढरे झालेले. हातात लांब पिशवी होती. कापडाचा रंग उडाला होता, तरी मी ती ओळखली.

"ओळखलंस का?" त्याने विचारले.

मला बोलताच येईना. मी त्याला शिक्षकांच्या खोलीत नेले. चहा मागवला. त्याने पिशवी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "ही तुझी. उघड," तो म्हणाला.

मी नाडी सोडली. आत दादांची काठी होती. तिन्ही तुकडे सरळ होते. त्यांवर रोगणाची चमक होती. दोरी ओवायच्या कड्या नव्या रेशमाने घट्ट बांधल्या होत्या. आणि शेंड्याला, जेथून वीतभर तुकडा मोडला होता, तेथे फिकट रंगाचा नवा बांबू जोडला होता.

"तुझ्याकडे ही कशी आली?" मी विचारले.

तो शांतपणे सांगू लागला. "काठी मोडल्याचं कळलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री तुझे दादा आमच्याकडे आले होते. माझ्या वडिलांपुढे त्यांनी हात जोडले. म्हणाले, 'तुमच्या मुलावर आमच्या घरात खोटा आळ आला. पिशवीत नदीची वाळू आहे. तुमच्या मुलानं काठी बैठकीत धरली होती. वाळू माझ्या नातवानं आणली.' मग त्यांनी काठी आमच्याकडे ठेवली. म्हणाले, 'जमली तर मरामत करा. मुलगा एक दिवस विचारायला येईल. तेव्हा त्याला द्या.'"

मी सुन्न झालो. दादांना पहिल्या दिवसापासून सगळे माहीत होते! ते आठ वर्षे माझी वाट पाहत होते. त्या शेवटच्या रात्रीही त्यांनी मला एक संधी दिली होती.

"बाबांना तेव्हा अशा काठीचं काम येत नव्हतं," मित्र पुढे सांगू लागला. "त्यांनी ती माळ्यावर जपून ठेवली. २०२० साली टाळेबंदी लागली. धंदा बंद. घरात बसून करायचं काय? मी मोबाइलवर अशा काठ्या कशा बनवतात ते बघितलं. बाबांना दाखवलं. ते म्हणाले, 'एवढंच ना? चल, करू.'"

पण काम सोपे नव्हते. दर पावसाळ्यात दमट हवा लागून जुना सरस सुटला होता. जुना सरस जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून बनवत. ओल लागली, की त्याची पकड जाते. मधल्या तुकड्याच्या कामट्या एकमेकींपासून अलग झाल्या होत्या. त्या दोघांनी त्या सोडवल्या, कोमट पाण्याने पुसल्या, नव्या डिंकाने चिकटवल्या आणि वरून दोरा गुंडाळून अनेक दिवस वाळत ठेवल्या. शेंड्यासाठी त्यांनी पेठ भागातला मानवेल आणला. मानवेल हा जवळजवळ भरीव बांबू असतो. लाठ्या त्याच्याच बनतात. पहिल्या दोन कामट्या तासताना मोडल्या. तिसरी जाड झाली. शेंड्याची एकेक कामटी आगपेटीच्या काडीहूनही बारीक लागते. शेवटी बाबांनी लाकडाच्या फळीत साठ अंशांची खाच पाडली, कामटी त्या खाचेत बसवली आणि काचेच्या तुकड्याने खरवडत खरवडत तिला आकार दिला. जुन्या आणि नव्या बांबूला लांब तिरका छेद देऊन ते एकमेकांवर बसवले. तिरक्या छेदाने सांध्याची जागा वाढते आणि जोड पक्का होतो.

एक पितळी नळी चिरली होती. ती एका तांबटाने झाळून दिली. कड्या बांधायला रेशीम हवे होते. आपल्या जिल्ह्यातले येवला पैठणीसाठी प्रसिद्ध आहे. तेथल्या एका विणकराने उरलेल्या रेशमाची गुंडी पैसे न घेता दिली. अशी ही काठी. सुताराने जपलेली, बुरुडाने जोडलेली, तांबटाने झाळलेली आणि पैठणीच्या रेशमाने बांधलेली.

"बाबा गेल्या श्रावणात गेले," मित्र म्हणाला. "जायच्या आधी मला म्हणाले, 'तो विचारायला आला नाही. आता तू जा. काठी वाट बघून बघून पुन्हा मोडायची.'"

मी 'इन्ना लिल्लाहि' म्हटले. बाबांचे कामट्या सोलणारे हात डोळ्यांसमोर आले. मला त्याच वेळी माफी मागायची होती. पण घंटा झाली. मला वर्गावर जावे लागले. मी त्याला एवढेच म्हणालो, "रविवारी दारणेवर येशील?"

रविवारी सकाळी आम्ही भगूरच्या बाजूला दारणेच्या काठी गेलो. थंडी होती. पाण्यावरून धुके उठत होते. मासे पकडायचेच नव्हते, म्हणून आम्ही गळ लावला नाही. दोरीच्या टोकाला लोकरीचा लाल तुकडा बांधला. मी काठी हातात घेतली, मागे नेली आणि थांबलो. दोरी मागे पसरली. मग काठी पुढे आणली. दोरी सरळ गेली. लाल ठिपका पाण्यावर अलगद उतरला. जोड टिकला होता.

मी काठी खाली ठेवली आणि त्याला विचारले, "तू तेव्हाच का सांगितलं नाहीस, की काठी तू मोडली नाही म्हणून?"

"मी काय सांगणार?" तो म्हणाला. "तू दारामागं उभा होतास. तू सांगशील, असं मला वाटलं. आठ दिवस ओट्यावर बसून मी तुझी वाट पाहिली. काठीचं मला काही वाटलं नाही रे. तू खाली बघितलंस, त्याचं वाटलं."

मग मी ते वाक्य उच्चारले. फक्त दोन शब्दांचे.

"माझं चुकलं."

तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "'चुकलं'मध्ये 'ळ' नव्हता. तरी हा शब्द म्हणायला तुला पंचवीस वर्षं लागली."

आम्ही दोघेही हसलो. हसता हसता माझे डोळे भरून आले. त्याचेही भरून आले असावेत. त्याने तोंड फिरवून काठीचे तुकडे सोडवायला सुरुवात केली.

मित्रांनो, आज ती काठी माझ्या घरात दोन खुंट्यांवर आहे. नवा जोड अजून फिकट दिसतो. मी मित्राला विचारले होते, की त्याला रंग देऊन जुन्यासारखा का केला नाहीस? तो म्हणाला, "कशाला? बांबू आपोआप पिकत जातो. दहा-पंधरा वर्षांत दोन्ही रंग एक होतील. तोपर्यंत दिसू दे."

आता तो अधूनमधून आमच्याकडे येतो. माझ्या मुलीला तो कामटी सोलायला शिकवतो आणि 'वेळू' म्हणायला लावतो. ती 'वेलू' म्हणते. मग घरात हसू पिकते. बांबू हे खरे तर झाड नसून गवत आहे, हेही त्याने तिला सांगितले. आपल्या वनकायद्यात मात्र २०१७ सालापर्यंत बांबूला झाडच धरत. मुलगी म्हणते, "म्हणजे मोठी माणसंही चुकतात!" होय, बेटा, चुकतात.

मला या भेटीचा आनंद झाला, पण एक दुःख कायमचे राहिले. मित्रापुढे मी चूक कबूल केली. दादांपुढे आणि बाबांपुढे मात्र करू शकलो नाही. दादांनी मला दोनदा विचारले होते. दोन्ही वेळा एक वाक्य पुरे होते. ते वाक्य मला येत होते, उर्दूत आणि मराठीतही.

तुमच्याही हातून कधीतरी काहीतरी मोडेल. एखादी वस्तू, एखाद्याचे मन. आपल्यामुळे दुसऱ्यावर आळ येईल. त्या वेळी दारामागे उभे राहू नका. बाहेर या आणि दोन शब्द बोला. ते शब्द तुम्ही आज या पाठात वाचले आहेत. उच्चाराला ते अगदी सोपे आहेत. त्यांत 'ळ' नाही.